ससेपालन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गुहागरजवळ आमच्याकडे न्यूझीलंड व्हाइट जातीचा एक नर आणि दोन माद्या आहेत. याच रक्तातून स्वतःची ओळ उभी करायची आहे. सख्ख्या भावंडांची जोडी लावली तर चालेल का?

उत्तर : भावंडांची जोडी लावू नका. आईबाप एकमेकांच्या नात्यातले नसले तरी अशा पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (म्हणजे आईकडून आणि बापाकडून एकाच पूर्वजाचे तेच जनुक येण्याची शक्यता) २५ टक्के येतो. बाप-लेकीच्या जोडीतही तो तेवढाच असतो, पण बापाची आधीची पिल्ले आपण पाहिलेली असतात, त्यामुळे तिथे अंदाज तरी बांधता येतो. आजोबा-नात किंवा सावत्र भावंडे लावल्यास गुणांक १२.५ टक्क्यांवर येतो. ओळ बांधायला हीच वाट बरी. दोन्ही माद्यांची संतती वेगळी ठेवा, कानात क्रमांक गोंदवा, आणि प्रत्येक वेताला जन्मलेली व दूध तुटेपर्यंत जगलेली पिल्ले लिहून ठेवा. हे आकडे पिढीगणिक घसरू लागले की बाहेरचा नर आणायलाच हवा.

दात मात्र नीट तपासा. पुढचे वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. उलटे बसले तर झिजत नाहीत, वाढतच राहतात आणि ससा खाणे सोडतो. पिंजऱ्याची तार ओढूनही दात वाकतात. पण एकाच वेतात दोन-तीन पिल्ले तशी निघाली, तर दोष बहुधा दोन्ही आईबापांकडून आलेला असतो. ती जोडी पुन्हा लावू नका.

एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात माद्या रिकाम्या राहिल्या, म्हणजे गाभण गेल्या नाहीत, तर लगेच रक्ताला दोष देऊ नका. उष्णतेने नराचे वीर्य खालावते आणि सावरायला दीड-दोन महिने लागतात.