दम्यासाठी दोन पंप दिलेत, साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड. आधी कोणता घ्यायचा?

दोन्ही एकाच वेळी घ्यायचे असतील तर आधी साल्ब्युटामॉल, मग पाचेक मिनिटांनी ब्युडेसोनाइड. साल्ब्युटामॉलने श्वासनळ्या काही मिनिटांतच मोकळ्या होतात, त्यामुळे मागून येणारं ब्युडेसोनाइड (हे स्टेरॉइड आहे) आतपर्यंत पोचतं. मी वॉर्डात नर्स आहे, आम्ही याच क्रमाने देतो. पण खरी चूक क्रमात नसते, घेण्यात असते: पंप हलवलेलाच नसतो, किंवा फवारा जिभेवरच बसतो. हलवा, पूर्ण श्वास सोडा, दाबताना सावकाश आत ओढा आणि दहापर्यंत मोजत श्वास रोखा. दुसऱ्या पफआधी अर्धा-एक मिनिट थांबा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) असेल तर उत्तमच. ब्युडेसोनाइडनंतर खळखळून चूळ भरा आणि थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाजही बसतो.

मात्र साल्ब्युटामॉल सहसा धाप लागली तरच घ्यायचं असतं. क्रम पाळायचा म्हणून रोज ओढू नका. ब्युडेसोनाइड मात्र बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच. साल्ब्युटामॉल घेऊनही धाप कमी होत नसेल किंवा बोलताना वाक्य तुटत असेल, तर थेट दवाखाना गाठा.