आजी एकच अक्षर वीसदा का गिरवायला लावते?

प्रिय सोनू,

रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू फणकारलीस, "एकच 'क' वीस वेळा कशाला गिरवायचा? आला ना मला एकदा!" माझे हात कणकेत होते, नुसतं 'हं' केलं. आता लिहून देते, मराठीतच. तेवढाच तुझ्या वाचनाला हात.

खालच्या मजल्यावरच्या इराणी खानमच्या भिंतीवरची ती फ्रेम आठवते? कुणीतरी कागद खराब करून वर टांगलाय, असं तू म्हणाली होतीस (हळू आवाजात, देवाची कृपा). तीच तीच अक्षरं आडवी, तिरकी, एकमेकांच्या अंगावर चढलेली, मधे पांढरं जेमतेम उरलेलं. इराणात त्याला 'सियाह मश्क' म्हणतात. सियाह म्हणजे काळं, मश्क म्हणजे सराव. आपली 'शाई' या सियाहचीच लेक. म्हणजे 'निळी शाई' म्हणताना आपण 'निळं काळं' म्हणत असतो!

हे गिरवणंच, सोनू. बोरूच्या टोकानं एक चौकोनी ठिपका काढायचा आणि कुठलं अक्षर किती ठिपके उंच, किती ठिपके रुंद, ते त्या मापानं ठरवायचं. मग हात बसेपर्यंत त्याच कागदावर घोटत राहायचं. एकोणिसाव्या शतकात मिर्झा गुलामरझा इस्फहानींसारख्या सुलेखनकारांनी अशी पानं मुद्दाम रचली, सराव म्हणून नव्हे, चित्र म्हणून. आपल्याकडे धुळाक्षरं धूळपाटीवर काढायची, पुढे दगडी पाटी आली. दोन्ही पुसायच्या. आपला सराव पुसला गेला, त्यांचा कागदावर राहिला.

त्यांच्या नस्तालिक लिपीचं दुखणंही मजेशीर आहे. तिचे शब्द उतारावरून घसरल्यासारखे खाली येतात. छपाईचे शिशाचे खिळे, म्हणजे सुटी सुटी अक्षरं, मात्र सरळ ओळीत बसणारे. जमेना. म्हणून तिकडे शिळाछाप लोकप्रिय झाला: हातानं लिहायचं आणि दगडावरून छापायचं. अशी फारसी पुस्तकं आपल्या मुंबईतही छापली जात आणि जहाजानं इराणला जात. पुढे खिळ्यांच्या छपाईत नस्ख नावाचं सुटसुटीत, सरळ ओळीतलं वळणच रुळलं.

मग इराणी पोस्टरवाल्यांपुढे प्रश्न आला, आपलं अक्षर आणायचं कुठून? मोर्तेझा मोमय्येझ (1935–2005) तेहरानमध्ये आणि पॅरिसमध्ये शिकले, तेहरान विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकवू लागले. तिकडे त्यांना या कलेचे जनक मानतात. त्यांच्यानंतरच्या पिढीतले रेझा अबेदिनी मला जास्त आवडतात. त्यांच्या पोस्टरांत माणसाची आकृती असते आणि तिच्या अंगभर अक्षरं. वाचता येत नाहीत अशी काहींची तक्रार असते, ती अगदीच खोटी नाही. पण ती दाटी बघ, सियाह मश्कच आहे. 2006 मध्ये त्यांना नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला.

आणि इराणी शिल्पकार परवीझ तनावोलींनी तर 'हीच' या एका शब्दाचे पुतळेच केले. आपलं 'हीच' नव्हे! फारसीत हीच म्हणजे 'काही नाही'. कुठे खुर्चीवर बसलेलं 'काही नाही', कुठे पिंजऱ्यात अडकलेलं.

तर आजीचं म्हणणं 'क' ओळखण्यापुरतं नाहीच. ओळखतेस तू, टाइपही करतेस. पण देठ कुठे जाड ठेवायचा, पोटाची गोलाई कुठून वळवायची, हे बोटांना कळायला वीस वेळा लागतात. मला चाळीस लागले होते, आजीला विचार.

तुझं रविवारचं पान मी टाकलेलं नाही. सहाव्या ओळीपासून कंटाळून तू 'क'वर 'क' चढवलेत, शेवटचे तर पार आडवे पडलेत. ते फ्रिजवर लावलंय. काल खानम साखर मागायला आल्या आणि त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. साखर विसरून गेल्या. संध्याकाळी नेऊन दे.

तुझी,
आई