‘सरप्राइज्ड’च्या पुढे काय?

प्रश्न असा आहे: सातवीतल्या मुलीने इंग्रजी निबंधात लिहिलं, ‘आजोबांना अचानक दारात बघून मी व्हेरी सरप्राइज्ड झाले.’ बाईंनी खाली रेघ ओढून ‘याहून जोरदार शब्द वापर’ असा शेरा दिला. आता वडील विचारतात, असे शब्द कोणते आणि त्यांचा चढता क्रम लावता येतो का?

शब्द ढीगभर आहेत. क्रम मात्र नीट लागत नाही आणि लावायच्या भानगडीत पडूही नये. आश्चर्य किती झालं यापेक्षा त्या आश्चर्याने माणसाचं काय केलं, हे हे शब्द सांगतात. आणि बहुतेकांच्या मुळाशी चक्क मारहाण आहे.

खुद्द ‘सरप्राइज’ जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे अर्थ होता झडप घालून पकडणं. इंग्रजीतही आधी तो बेसावध शत्रूवर घातलेला छापा होता. वाढदिवसाचा केक बराच नंतरचा. ‘अस्टॉनिश’, ‘अस्टाउंड’ आणि ‘स्टन’ हे तिघे एकाच घरातले, लॅटिनमधल्या ‘तोनारे’ म्हणजे गडगडणे या क्रियापदाचे वंशज. संस्कृतात मेघगर्जनेला ‘स्तनित’ म्हणतात, तेही याच कुळातलं. म्हणजे अस्टॉनिश झालेला माणूस मुळात कडकडाटाने बधिर झालेला. आपल्याकडे वीज कोसळते ती दुःखाचीच; आजोबा आले आणि घरावर वीज कोसळली असं लिहिलं तर आजोबा आल्या पावली परत जातील. इंग्रजीत तो गडगडाट केव्हाच विरला. बातमी चांगली असो की वाईट, ‘अस्टॉनिश्ड’ दोन्हीकडे चालतो.

‘अमेझ’चा जुना अर्थ गोंधळून जाणं, भान हरपणं. भूलभुलैयाला ‘मेझ’ म्हणतात तो शब्द यातूनच निघाला: आधी डोक्यातला गोंधळ, मग रस्त्यांचा. आपला ‘दिङ्मूढ’ याच्या अगदी जवळचा. पण आज ‘अमेझ्ड’मध्ये कौतुकाची छटा आली आहे आणि ‘अमेझिंग’ तर वडापावलाही लावून लावून पार झिजला आहे.

‘टेकन अबॅक’ मला सगळ्यांत आवडतो. हा शिडाच्या जहाजावरचा. वारा अचानक फिरतो, समोरून येतो, शिडं उलटी डोलकाठीवर दाबली जातात आणि जहाज जागच्या जागी अडतं. नेमकं तसंच माणसाचं होतं, तेव्हाच तो वापरायचा. शांत माणूस एकदम खेकसला, पाहुण्याने पगार विचारला, की तुम्ही क्षणभर अडखळता. ते टेकन अबॅक. आजोबांना बघून कुणी टेकन अबॅक झालं, तर त्यांचं येणं फारसं रुचलं नाही असा वास येतो.

‘गॉबस्मॅक्ड’ ब्रिटिश बोलीतला. गॉब म्हणजे तोंड, स्मॅक म्हणजे चापट. मराठीत उतरवताना ‘तोंडात मारल्यासारखं झालं’ असं लिहावंसं वाटतं, पण तिथेच फसगत आहे. आपण तसं म्हणतो ते खजील झाल्यावर. गॉबस्मॅक्ड माणूस खजील नसतो, तो आ वासून बघत राहिलेला असतो, चाट पडलेला असतो. मित्राला पाठवायच्या निरोपात शोभतो; नोकरीच्या अर्जात नको.

‘फ्लॅबरगास्टेड’ कुठून उगवला याचा छडा लागलेला नाही. १७७२ साली ‘अ‍ॅन्युअल रजिस्टर’ या ब्रिटिश वार्षिकात नव्या फॅशनेबल शब्दांची थट्टा करताना ‘बोअर्ड’च्या जोडीने त्याचाही उल्लेख आहे. ‘बोअर’ तर आता मराठीच झालाय! ‘डंबफाउंडेड’ म्हणजे सरळ आपला ‘अवाक्’.

दोन शब्दांपासून मात्र सांभाळा. आपल्याला शॉक कशानेही बसतो, लॉटरी लागली तरी. इंग्रजी ‘शॉक्ड’चा कल वाईटाकडे असतो. ‘अगास्ट’ तर भीतीचाच किंवा घृणेचा. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘घोस्ट’च्या वळणाचा एक ‘एच’ही बसला आहे.

मग मुलीने काय लिहावं? ‘अस्टॉनिश्ड’. ‘डिलाइटेड’ची जोड दिली तर आनंदही पोचेल. फक्त पुन्हा ‘व्हेरी’ नको. हे शब्द आधीच काठोकाठ भरलेले आहेत, त्यांच्यापुढे ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ किंवा ‘अटरली’ शोभतं. ‘व्हेरी फ्लॅबरगास्टेड’ म्हणजे ‘थोडासा थक्क’ म्हणण्याइतकंच विचित्र.

संवाद लिहायचा असेल तर उद्गार लागतात आणि तिथे इंग्रजीची वेगळीच गंमत आहे. देवाचं नाव उगीच घ्यायचं नाही असा धर्माचा दंडक. १६०६ साली इंग्लंडमध्ये नाटकात देवाचं नाव थिल्लरपणे घेतल्यास दहा पौंड दंडाचा कायदाच झाला. लोकांनी मग नावं मोडून-मुरडून घेतली. ‘गॉश’ आणि ‘गॉली’ हे ‘गॉड’चे वेषांतर केलेले भाऊ, ‘जी’मागे जीझस, ‘क्रायकी’मागे ख्राइस्ट आणि ‘ब्लायमी’ म्हणजे ‘देव मला आंधळं करो’ हे अख्खं वाक्य चुरगाळून केलेलं. आपण ‘अरे देवा’ बिनदिक्कत म्हणतो. आपल्याकडे मोडतोड झाली ती शिव्यांची. ‘आयला’ म्हणणाऱ्या किती जणांना त्यामागचं अख्खं वाक्य आठवतं?

‘ओएमजी’ मोबाइलवाल्या पोरांनी काढलं असं समजणाऱ्यांसाठी एक तारीख: ९ सप्टेंबर १९१७. ब्रिटिश नौदलाचे माजी प्रमुख लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ही अक्षरं आहेत आणि पुढे कंसात त्यांचा पूर्ण विस्तारही. पत्र लिहिणारे तेव्हा शहात्तर वर्षांचे होते.