पाच किलो उतरले, आता गोळ्या सोडू का?

प्रश्न : वय 52, परभणीत किराणा दुकान आहे, दिवसभर बैठं काम. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल अशा तिन्ही गोळ्या चालू आहेत. आठ महिन्यांत वजन 84 वरून 79 किलोवर आणलं. पण ‘पोट तर तसंच आहे’ असं गिऱ्हाइकंसुद्धा म्हणतात. एवढ्यानं हृदयाला फायदा होतो का? गोळ्या बंद करू का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : गोळ्यांना आपल्या मनानं हात लावू नका. फायदा मात्र झालाय. तुमचं वजन जवळपास 6 टक्के उतरलं, आणि बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 5 टक्क्यांपासूनच हलू लागतात. वजन उतरू लागलं की यकृतात साठलेली चरबी लवकर घटते. गिऱ्हाइकांना दिसते ती कातडीखालची, ती सावकाश जाते. यकृत हलकं झालं की ट्रायग्लिसराइड उतरतं, इन्शुलिनचा गुण येतो. बीपीचा ढोबळ हिशेब किलोमागं वरच्या आकड्यात एक. म्हणजे 148 चे 143. मीठ कमी केलं तर आणखी. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, त्यात ठेचा, लोणचं, पापडही आले.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एवढ्या उतारानं फारसं हटत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी तो बहुतेक गोळीचाच गुण असतो. ती सोडली की आकडा पुन्हा चढतो.

हेही लपवण्यात अर्थ नाही : अमेरिकेत मधुमेहाच्या 5,145 रुग्णांवर झालेल्या ‘लुक अहेड’ अभ्यासात खाणं-व्यायाम सांभाळणाऱ्या गटाचं वजन, साखर, बीपी सुधारलं, पण सुमारे दहा वर्षांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात ठळकपणे कमी झाले नाहीत. पहिल्याच वर्षी 10 टक्के वजन उतरवलेल्यांचा धोका मात्र कमी दिसला. तेव्हा 79 वर थांबू नका, 75-76 गाठा.

भाकरीला दोष देऊ नका, तेलाचा डबा तपासा. माणशी रोज 25 ग्रॅम धरलं तर पाच माणसांच्या घरात 15 किलोचा डबा चार महिने जायला हवा. दोन महिन्यांत संपत असेल तर येसर आमटीवरचा तवंग आणि धपाट्यांवरची धार आवरा. करडईचं तेल असलं तरी चहाच्या चमच्यामागं 40 कॅलरी त्याच. पोट टेपनं मोजा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. पुरुषाला 90 सेंटिमीटरच्या आत हवं.

वजन उतरताना जुना डोस जड पडू शकतो. उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली तर बीपी मोजा. ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळीवर असताना जेवणाआधी घाम फुटून हातपाय थरथरले, तर साखर लगेच मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. मग बीपी-साखरेच्या आकड्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस त्यांनाच कमी करू द्या.