ऊसतोड मुलांच्या शाळेचे काम हाती घेताना

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करण्याचा तुझा निर्णय कळला आणि मनापासून आनंद झाला.

एक गोष्ट आधीच सांगतो: मुलाला शाळेत घ्या, अशी विनवणी कोणापुढेही करू नकोस. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम २१-क आले, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलाचा प्रवेश हा शाळेने केलेला उपकार उरला नाही.

दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मुलांचे दुसरे सत्र उसाच्या फडात जाते. तिथल्या शाळेने दाखला मागितला, वयाचा पुरावा नाही म्हटले किंवा वर्ष अर्धे सरले असे सांगितले, तर शिक्षण हक्क कायद्याची कलमे ५, १४ आणि १५ तुझ्या तोंडी हवीत. यांपैकी कोणत्याही कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे. मात्र सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे, कलम ९ आहे, कारण स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश होईल हे पाहण्याचे कर्तव्य ते स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे पंचायत, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेवर टाकते. अर्ज त्यांच्याकडे लेखी दे आणि पोच घे.

तरीही मूल गावातच राहिले तर उत्तम. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत टोळ्या निघण्यापूर्वीच व्हायला हवी. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात.

शाश्वत विकासाशी याचा संबंध काय, असे तू विचारले होतेस. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यावर मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. म्हणून शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न कोवळ्या वयात लावले जाते, नवा कोयता तयार होतो आणि आईबापांचे कर्ज व स्थलांतर पुढच्या पिढीकडे जाते. शिक्षण, स्त्री-पुरुष समानता आणि सन्मानाचे काम ही २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली उद्दिष्टे या एका कुटुंबात एकमेकांत अडकलेली दिसतात. त्यातील चौथे उद्दिष्ट २०३० पर्यंत माध्यमिक शिक्षणही मोफत व्हावे असे म्हणते, आपला कायदा मात्र चौदाव्या वर्षी, मुलीला त्याची सर्वाधिक गरज असतानाच, थांबतो. तेव्हा आठवीतल्या मुलींची यादी सर्वांत आधी कर आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात त्यांच्या निवासाची सोय होते का, ते टोळ्या हलण्याआधी पाहा.

तुझा हितचिंतक