सायक्स-पिकोची रेघ आणि मोसुलचं भांडण

प्रश्न असा होता की ब्रिटनचा सायक्स आणि फ्रान्सचा पिको या दोन मुत्सद्द्यांनी १९१६ मध्ये नकाशावर पट्टीने रेघ ओढली आणि तिथूनच इराक-सीरियातली आजची सगळी मारामारी सुरू झाली, हे कितपत खरं. बरीच वर्षं हा विषय वाचतोय, त्यावरून सांगतो. अर्धं खरं आहे. ब्रिटन आणि फ्रान्सने दुसऱ्याचं घर आपसात वाटून घेतलं हे शंभर टक्के खरं, पण १९१६ चा तो नकाशा जसाच्या तसा कधी अमलात आलाच नाही, आणि लोक त्या रेघेपाशीच थांबतात म्हणून खरं नुकसान कुठे झालं ते बघायचं राहून जातं.

ज्याचा मुलुख वाटला ते तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य वाटणी झाली तेव्हा पडलेलंही नव्हतं. २९ एप्रिल १९१६ ला बगदादच्या खाली कुत इथे ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या पूना डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी सैनिक आणि आपल्या मराठा पलटणीही होत्या, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत लंडनमध्ये सायक्स-पिको वाटणीच्या कराराच्या पत्रांवर शिक्कामोर्तब झालं. जिथे आपली माणसं मरत होती ती जमीन कुणाची हे तिकडे परस्पर ठरत होतं. अरबांना वेगळंच, स्वतंत्र राज्याचं, आश्वासन दिलेलं होतं, पुढच्या वर्षी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरने ज्यूंना तिसरं दिलं, पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घराचं.

आता मोसुल, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधलं शहर आणि त्याभोवतीचा प्रांत, घ्या, कारण सगळी यंत्रणा तिथे उघडी दिसते. १९१६ च्या नकाशात मोसुल फ्रान्सच्या वाट्याला होतं. ३० ऑक्टोबर १९१८ ला युद्धबंदी झाली आणि ब्रिटिश फौज मोसुलमध्ये शिरली ती त्यानंतर. डिसेंबरमध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जने फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोकडे मोसुल मागितलं, त्याने देऊन टाकलं, आणि फ्रान्सची भरपाई पुढे १९२० मध्ये सान रेमोच्या परिषदेत तेलातल्या हिश्श्याने झाली. तुर्कस्तान म्हणालं की युद्धबंदीनंतर घेतलेला मुलुख आमचाच. आणि तिथे राहणारे बहुतांश लोक होते कुर्द, अरब आणि तुर्कांहून वेगळी भाषा असलेला समाज, त्यांना तुर्कस्तानशी झालेल्या १९२० च्या सेव्हरच्या तहात स्वतंत्र देशाची वाट दाखवली होती आणि त्याच्या जागी आलेल्या १९२३ च्या लोझानच्या तहात कुर्दिस्तानचं नावसुद्धा नाही!

शेवटी राष्ट्रसंघाने (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था) १९२५ मध्ये एक आयोग पाठवला. या आयोगाने अहवालात म्हटलं की नुसता वंश बघायचा तर इथे कुर्दांचं वेगळं राज्य व्हायला हवं. पण प्रांत दिला इराकला, दोन अटी घालून: ब्रिटनची देखरेख २५ वर्षं राहावी, आणि कुर्द भागात कारभार, कोर्ट, शाळा कुर्दांच्या हातात आणि कुर्दी भाषेत असाव्यात. १९२७ मध्ये किर्कुकजवळ बाबा गुरगुरला तेल लागलं, १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला, २५ वर्षांची देखरेख सातच वर्षांत संपली. कुर्दांचं नेतृत्व करणाऱ्या शेख महमूदला दाबायला तर रॉयल एअर फोर्सने सुलेमानियावर बॉम्ब टाकले होते. माझ्या मते सगळ्यात मोठा घात इथे झाला. सीमा आखणाऱ्यांना ती चुकतेय हे माहीत होतं, त्यांनी त्यावर इलाज लिहून ठेवला, आणि तो इलाज करायला कुणी थांबलं नाही.

त्याच सीमेत असीरियन ख्रिश्चन सापडले. त्यांची हक्कारीतली गावं तुर्कस्तानात गेली, परत जायला वाट नाही, मग ब्रिटिशांनी त्यांना आपल्या लेव्ही फौजेत, म्हणजे स्थानिक लोकांतून उभारलेल्या पलटणीत, भरती केलं आणि त्यामुळे बाकीच्या इराकला ते परक्यांचे शिपाई वाटायला लागले. ब्रिटिशांची देखरेख उठली आणि ऑगस्ट १९३३ मध्ये इराकी सैन्याने सिमेले गावात त्यांची कत्तल केली. त्या मोहिमेचा सेनापती बक्र सिदकी बगदादमध्ये हिरो झाला, आणि त्यानेच १९३६ मध्ये इराकमधलं पहिलं लष्करी बंड केलं. इराकी राजकारणात सैन्य घुसलं ते इथून.

ब्रिटिशांनी बगदादच्या गादीवर बसवलेला राजा फैसलसुद्धा मक्केचा, ज्याला फ्रेंचांनी १९२० मध्ये दमास्कसमधून हाकललं होतं. देशात शिया बहुसंख्य, पण सैन्य आणि कारभार मुख्यतः जुन्या ऑटोमन सुन्नी अधिकाऱ्यांच्या हातात. परक्याने सीमा आखली की सहसा सोबत असा एक गटही खुर्चीवर बसवतो जो त्याच्यावर अवलंबून राहील, आणि मग देशातलं सगळं राजकारण ती खुर्ची धरायची की हिसकावायची यावरच चालतं.

लेबनॉनमध्ये फ्रान्सने हेच केलं, १९२० मध्ये मूळच्या डोंगराळ लेबनॉनला त्रिपोली, बेका, सायदा जोडून मोठं केलं, १९३२ च्या जनगणनेवर धर्मपंथांमधली सत्तेची वाटणी बेतली गेली आणि त्यानंतर अधिकृत जनगणनाच नाही.

लोकांना विचारलंच नाही असंही नाही हं. १९१९ मध्ये अमेरिकेचा किंग-क्रेन आयोग सीरिया-पॅलेस्टाइन फिरला, अर्ज घेतले, सीरियन लोकांनी स्पष्ट सांगितलं की आम्हाला फ्रेंच नकोत. अहवाल १९२२ पर्यंत छापलाच नाही, तोवर वाटणी उरकली होती.

म्हणून कुणी २०१४ चा आयसिसचा, इराक-सीरिया सीमेवरचा बांध बुलडोझरने पाडतानाचा व्हिडिओ दाखवून "सायक्स-पिको पुसली" म्हणतं तेव्हा मला राग येतो. मूळ १९१६ च्या नकाशात इराकमधलं मोसुल आणि सीरियातलं रक्का एकाच बाजूला आहेत! त्यांनी तोडली ती नंतर ठरलेली सीमा. आणि इराकमधल्या हलबजा या कुर्द शहरावर १९८८ मध्ये गॅस टाकायचा निर्णय सद्दामच्या राजवटीचा, तो लंडनच्या नावावर टाकून त्याला मोकळं सोडता येत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, मग आता सीमा बदलून टाकाव्यात का. ते किती अवघड आहे बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये इराकी कुर्दांनी सार्वमत घेतलं, ९२ टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. बगदाद, तुर्कस्तान, इराण तिघंही विरोधात गेले, कारण तुर्कस्तान आणि इराणच्या पोटातही कुर्द आहेत, आणि महिन्याभरात इराकी सैन्याने किर्कुक ताब्यात घेतलं.