काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे पिक्चर कापलाय असं नसतंय

भावा, तुझा प्रश्न असा की घरात एकाच पिक्चरच्या दोन डीव्हीडी आहेत, एकीत वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, दुसरी जुन्या टीव्हीच्या मापाची पट्ट्या नसलेली, वडील म्हणतात पट्टीवाली कापलेली, तू म्हणतोस दुसरी, तर खरी कुठली. आता पिक्चर कुठला ते तू लिहिलंच नाहीस आणि घोडं तिथंच अडतंय. वडील बरोबर असू शकतात, तूपण असू शकतोस. शूटिंगला कॅमेऱ्यात चित्र कसं घेतलं होतं त्यावर सगळं ठरतंय, पट्ट्या बघून काय कळत नाही.

आधी स्कोपचं, म्हणजे लांबरुंद पडद्याच्या सिनेमास्कोपचं सांगतो. कॉलेजला असताना मी आपल्या कोल्हापुरातल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये जाऊन बसायचो, ऑपरेटर मामा ओळखीचे होते. स्कोप पिक्चरची फिल्म उजेडासमोर धरली की हिरो हडकुळा नि उंच दिसायचा, कारण कॅमेऱ्याच्या लेन्सनं चित्र आडवं दाबून निम्म्या रुंदीत बसवलेलं असायचं आणि प्रोजेक्टरपुढची लेन्स ते परत दुप्पट पसरायची. पडद्यावर रुंदी-उंचीचं माप साधारण २.३५ ला १. जुना टीव्ही ४ बाय ३, म्हणजे १.३३ ला १. टीव्हीची उंची पूर्ण भरायची म्हटलं की रुंदीतलं ४३ टक्के चित्र फेकायलाच लागतंय, दुसरा इलाजच नाही. म्हणजे स्कोप पिक्चर असेल तर पट्टीवाली डीव्हीडी पूर्ण आणि भरलेली दिसणारी कापलेली, तिथं तू जिंकलास.

पण कापायचं कुठनं? फिल्मवरनं व्हिडिओ करणारा माणूस शॉट बघून ठरवायचा की आता डावीकडचं ठेवायचं का उजवीकडचं, याला पॅन अँड स्कॅन म्हणतात. दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना उभी राहून बोलतायत असा शॉट आला की पंचाईत. एकतर मधोमध धरायचं, मग दोन्हीकडनं नुसती नाकं आत आलेली दिसतात आणि मध्ये रिकामी भिंत, नाहीतर एकाच शॉटचे दोन तुकडे करून आधी हा मग तो, नाहीतर चौकट हळूहळू एकाकडनं दुसऱ्याकडं सरकवायची, म्हणजे दिग्दर्शकानं कॅमेरा हलवलेलाच नसताना टीव्हीवर तो हललेला दिसणार! एडिटिंग बदललं की राव, नुसत्या कडा गेल्या असं नाही. दूरदर्शनवर रविवारचा पिक्चर बघितलेल्यांना आणखी एक आठवत असेल, सुरुवातीला नावं येतात तेवढ्यापुरती सगळी माणसं बारीक नि लांबुडकी दिसायची आणि नावं संपली की एकदम नॉर्मल व्हायची. नावं कडेला कापली जाऊ नयेत म्हणून तेवढा भाग दाबलेलाच ठेवायचे, बाकी काय नाही.

'कागज के फूल' (१९५९) आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप पिक्चर. त्यात कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओच्या रिकाम्या अंधारात प्रकाशाचा झोत सोडलाय, तो रिकामा अंधार कापून टाकला तर त्या सीनमध्ये बघायचं काय?

आता वडिलांची बाजू. सगळेच पिक्चर दाबून शूट होत नव्हते. बऱ्याच वेळा साध्या लेन्सनं जवळपास टीव्हीच्याच आकाराची पूर्ण फ्रेम घ्यायचे आणि थिएटरात प्रोजेक्टरच्या गेटमधे प्लेट लावून वरचं-खालचं झाकायचे. चुकीची प्लेट लागली की वरनं लोंबणारा माईक पडद्यावर दिसायचा आणि खालनं पब्लिकच्या शिट्ट्या सुरू. असल्या पिक्चरची टीव्हीसाठी कॉपी काढताना झाकण काढलं की झालं, पट्ट्या गेल्या आणि वर-खाली उलट जास्तच चित्र मिळालं, याला ओपन मॅट म्हणतात. सगळ्यात मोठं उदाहरण 'शोले' (१९७५). ७० एमएमचा म्हणून गाजला पण शूटिंग साध्या ३५ एमएमवर झालं, मग ४ बाय ३ च्या चित्रातनं २.२ ला १ ची चौकट काढून ते मोठं केलं. म्हणजे रुंद प्रिंटमध्ये वर-खालचं गेलेलं आणि त्याच्या भरलेल्या कॉपीत ते दिसणार, वडील म्हणतात तसंच. फक्त जास्त दिसतंय म्हणजे ती कॉपी खरी, असं मी मानत नाही. थिएटरात दाखवायची चौकट रुंद ठरली होती, मग वरचं जादा आभाळ बघून मला काय करायचंय. पण 'कापली' हा शब्द तिथं वडिलांच्याच बाजूनं जातो, तेवढं मान्य कर.

'टायटॅनिक'सारखे सुपर ३५ वर (साध्या लेन्सनं मोठी फ्रेम घ्यायची आणि रुंद चौकट नंतर त्यातनं काढायची) घेतलेले पिक्चर तर आणखी घोळाचे, एकाच कॉपीत एका शॉटला वर-खाली जादा मिळतंय आणि पुढच्या इफेक्टच्या शॉटला कडा गेलेल्या असतात, कारण इफेक्ट रुंद चौकटीपुरतेच केलेले असायचे.

त्यामुळं असं कर, दोन्ही डीव्हीडी एकाच शॉटवर थांबव, कॅमेरा आणि माणसं स्थिर असलेला शॉट घे, आणि कडा बघ. पट्टीवालीत डाव्या-उजव्या बाजूला जास्त दिसतंय (दार, खुर्ची, तिसरा माणूस) तर दुसरी पॅन अँड स्कॅन. दुसरीत डोक्यावर आणि पायाखाली जास्त दिसतंय तर ती ओपन मॅट. चार-पाच वेगवेगळ्या सीनला बघ, एकावर विश्वास ठेवू नको.

हल्ली उलटा अत्याचार चाललाय बघ. 'अयोध्येचा राजा' (१९३२) प्रभातनं इथं कोल्हापुरातच केला, त्या काळचे सगळे पिक्चर जवळपास चौरस. त्यांच्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला यायला पाहिजेत, पण नवा टीव्ही १६ बाय ९ चा, म्हणून असले जुने पिक्चर चढवताना कोणतरी वरनं-खालनं पाव भाग छाटतं आणि वर एचडी म्हणून लिहितं. मुकुटासकट डोकी जातात. नाहीतर आडवं ताणतात, मग राजा काय नि प्रजा काय, सगळेच गलेलठ्ठ.

शेवटचं, झूम करून बघू का विचारलंयस. पट्ट्या फक्त वर-खाली असतील तर अजिबात करू नको, टीव्हीत जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असल्या नावाचं सेटिंग असतंय ते लाव, नाहीतर टीव्ही स्वतःच कडेचं थोडं खातो. पण चारी बाजूंनी पट्ट्या येऊन मध्ये छोटंसं चित्र दिसत असेल तर मात्र बिनधास्त झूम कर. ती जुन्या पद्धतीची डिस्क आहे, ४ बाय ३ च्या आतच पट्ट्या छापलेल्या, त्यामुळं डिस्कवरच्या चित्राच्या ५७६ आडव्या ओळींपैकी स्कोपच्या चित्राला जेमतेम ३२७ मिळतात, १६ बाय ९ वाल्या डिस्कमध्ये ४३६ मिळतात. झूम केल्यावर जरा धुरकट दिसेल, त्याला इलाज नाही. डिस्कच्या मागं बारीक अक्षरात १६:९ लिहिलंय का ते बघून सांग, आणि पिक्चरचं नावपण टाक की.